तळ्याचा फाटा

बावीस वर्षं मी ह्या वळणावर दोरी ओढली.
एक टोल, थांब. दोन टोल, चल.
"तळ्याचा फाटा, कोण उतरतंय तळ्याचा फाटा?"
आणि कन्नडच्या बाजारात सीताफळं विकून आलेली धानीबाई
रिकाम्या पाट्या एकात एक घालून
पायरीवरूनच विचारायची,
"तू कवा उतरणार गं कंडक्टरबाई?"
मागे रेटारेटी, सुट्ट्या पैशांचं भांडण.
मी म्हणायची, पुढच्या खेपेला.
वर तळं आहे म्हणतेस, पाणी असतं का त्यात?
"असतं," ती म्हणायची, आणि मी दोन टोल द्यायची.

आज उतरले.
मार्गशीर्षातला मंगळवार, सकाळचे सात पाच.
पिशवीत तीन भाकरी, ठेचा, बीपीची गोळी.
गाडी गेली. घाटातून तिचा आवाज
बराच वेळ येत राहिला,
मग आला नाही.

धानीबाई पुढं, हातात विळा, पायात नातवाचे बूट.
पहिला तास नुसता सागाचा.
सुपाएवढी पानं, पापडासारखी मोडणारी,
चोरून चालायची सोयच नाही.
मग धावडे, मग अंजन,
मग घाणेरीनं दोनदा पदर धरला,
तिकीट न काढता निघाल्यासारखा.
"ही वाट रोह्यांची," धानीबाई म्हणाली,
"माणसाची वाट पावसात वाहून जाती.
ह्यांची नाही जात."

चढावर गुडघे बोलायला लागले.
हलत्या गाडीत धरायला काही नसताना
पैसे मोजत उभे राहिलेले हे पाय,
जमीन हलत नाही म्हणून लटपटले.

पहिलं तळं सगळ्यांचं.
वनखात्याची गंजलेली पाटी, पाळीवर पत्रावळी,
पाण्यात कुणाची तरी एकच चप्पल.
तिथं ती थांबलीच नाही.

दुसरं आटलेलं.
चिखलाला भेगा, भेगांत खुरांचे ठसे,
मधोमध एक बगळा, खूप उशिरा आलेला.
काठावर धानीबाईनं बूट काढून हातात घेतले
आणि कोरडं तळं अनवाणी ओलांडलं.
मी विचारलं नाही.
मीही चपला काढल्या.
भेगांच्या आत माती अजून गार होती.

तिसऱ्याला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर.
कड्याखाली, सालईच्या बुंध्यांआड
एस्टीच्या तीन गाड्या उभ्या राहतील
एवढंच पाणी.
"एवढंसं?"
"मी कवा म्हणले मोठं हाय?
तू विचारायचीस, पाणी असतं का.
मी म्हणायची, असतं."

भाकरी खाल्ली. तिनं कांदा बुक्कीनं फोडला.
ती पदर तोंडावर घेऊन झोपली
आणि माझा हात कमरेशी गेला,
पैशांची पिशवी चाचपत. ती नव्हती.
मग टिबुकल्या मोजल्या. अकरा.
एक बुडाली, दहा. दोन वर आल्या, बारा.
खाली उतरलेल्या आणि वर चढलेल्या,
वेबिल काही जुळेना.
एवढ्यावर डेपोत मेमो मिळाला असता.
तीनदा पहिल्यापासून मोजल्या.
नंतर कधी थांबले, आठवत नाही.

उतरताना बोलणं झालं नाही.
तिला तांड्यावरच्या शेळ्या आठवल्या असतील,
मला शेवटची गाडी.
फाट्यावर अंधार पडला तेव्हा
तिनं ओच्यातली चार सीताफळं माझ्या पिशवीत घातली,
हंगाम संपत आलेला, काळी पडलेली, गोड.
"पैसे?" म्हटलं, तर हसली.
"पुढच्या खेपेला."

दिवे वळणावर आले. गाडी थांबली.
दारात एक कोवळी पोर, कडक खाकी,
कानात डूल, मला न ओळखणारी.
"चला मावशी, लवकर."
मी मागं वळून बघत होते,
धानीबाई दिसते का अजून,
एक पाय पायरीवर, एक पाय खाली,
आणि तिनं दोन टोल दिले.